म्यानातला समुद्र

पात्यावर ‘स्टेनलेस’ असं लिहिलेलं होतं आणि गंज बरोबर त्या अक्षरांतच चढला होता. बाकीचं पातं लख्ख, तोंड दिसावं इतकं. त्या एका शब्दाची वळणं मात्र तपकिरी झाली होती, जणू कुणी मुद्दाम गेरू भरून ठेवलाय. सुरी कोणाची हे महत्त्वाचं नाही. डायव्हिंगचं सामान बाळगणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत अशी एक असतेच. तीन आठवड्यांपूर्वी ती समुद्रातून वर आली, नळाखाली धरली गेली, दोनदा झटकून म्यानात सरकवली गेली. आता बाहेर ओढताना खर्र असा आवाज आला आणि खाऱ्या, ओलसर, थोड्या लोखंडी वासाचा भपकारा. डागाचं एक वेळ समजू शकतं. पण तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचा, एक तुकडा ताणून त्यावर धार टेकवली तर ती घसरली. नवीकोरी असताना हीच धार तंगूस नुसत्या स्पर्शानं तोडत होती. मधल्या तीन आठवड्यांत हिनं काहीएक कापलेलं नाही. मग धार गेली कुठे?

आधी अक्षरांचं बघू. हल्ली पात्यावरची नावं बहुधा लेझरनं उमटवतात, म्हणजे पृष्ठभाग अक्षरशः भाजतात. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पात्यावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतं. पापुद्रा काही नॅनोमीटरचाच, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ, पण ओरखडा पडला तर आपला आपण सांधला जाणारा. ‘स्टेनलेस’पणा म्हणतात तो एवढाच आहे. लेझरच्या उष्णतेनं तिथलं क्रोमियम काळपट, जाडसर, भेगाळ ऑक्साइडमध्ये अडकतं आणि त्याच्या खालचा थर क्रोमियमला पारखा होतो. म्हणजे ज्या जागी गंजणार नाही असं लिहायचं, तीच जागा लिहिताना सर्वात दुबळी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. खोल ठसा मारलेल्या किंवा लेझरनं काळी केलेल्या अक्षरांपेक्षा साधं, उथळ नाव परवडलं. पात्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर फारच छान.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले १९ ग्रॅमच्या आसपास एकटं क्लोराइड. हे क्लोराइडच खरं वैरी. ते सगळा पापुद्रा एकदम उधळून लावत नाही. एखादी दुबळी जागा हेरून तिथं सुईच्या टोकाएवढं भोक पाडतं. भोकाच्या आतलं पाणी अडकून पडतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, ते आम्लधर्मी होत जातं, आणखी क्लोराइड आत ओढतं. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरून कुणाच्या मदतीची गरज उरत नाही. वरून पाहावं तर नुसता ठिपका, आत मात्र पोखरलेलं. साध्या लोखंडाचा गंज सगळीकडे सारखा पसरतो, निदान दिसतो तरी. हा किडलेल्या दातासारखा.

आता म्यान. पाण्याखाली सुरीला फारसं काही होत नाही. तिथं ती तासभर असते, भोवती वाहतं पाणी असतं, त्यात थोडाफार ऑक्सिजन असतो. खरा घात वर आल्यावर होतो. म्यानाच्या प्लास्टिकला पातं जिथं टेकतं तिथं केसाएवढी फट असते, तिच्यात पाणी धरून राहतं आणि ऑक्सिजन पोचत नाही. पापुद्रा सांधायला तर ऑक्सिजनच हवा. त्यातून मिठाचा स्वभाव असा की ते हवेतला ओलावा ओढून घेतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते जेमतेम ३३ टक्क्यांवरच ओलं होतं. त्यामुळे मीठ न धुता वाळवलेली सुरी कधी खरी वाळतच नाही. हाताला कोरडी लागते, इतकंच. कपाटात, पिशवीत, गाडीच्या डिकीत ती तीन आठवडे समुद्रातच असते, तेही पाणी आटून दाट झालेल्या समुद्रात.

धारेचं कोडंही इथंच सुटतं. चांगल्या लावलेल्या धारेची अगदी टोकाची कडा एका मायक्रॉनहूनही पातळ असते. सपाट पात्यावर एवढा थर गंजून गेला तर कळणारसुद्धा नाही, फडक्यानं पुसलं की झालं. धारेच्या कडेवर मात्र तेवढाच थर म्हणजे सगळी धार. डाग दिसण्याच्या कितीतरी आधी ती गेलेली असते. वर, धार लावताना कडेला जी सूक्ष्म उलटी किनार राहते, जिला कारागीर बर म्हणतात, तिच्यात ओल अडकते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. डायव्हिंगची सुरी बहुतेक वेळा कशालाच लागत नाही. ती लागते तेव्हा मात्र पायाला जुन्या जाळ्याचा पीळ पडलेला असतो. मधल्या काळात ती काही न करता बोथट होत असते.

पोलादाला आपल्याकडे पाणी देतात, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण करतात. शब्द मोठा गमतीचा आहे. पाण्यानंच ज्याला धार पेलायची ताकद येते, त्याचं पाण्याशीच वैर. पण पाणी द्यायचं तर पोलादात कार्बन हवा, आणि इथून सुरीचा सगळा घोळ सुरू होतो. कार्बन वाढवला की काठिण्य वाढतं, धार टिकते. पण हाच कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कठीण कण बनवतो, आणि त्या कणांत अडकलेलं क्रोमियम पापुद्र्याच्या कामाचं राहत नाही. ४४० नावाच्या पोलादाच्या तीन भावंडांत हे लख्ख दिसतं. ए, बी आणि सी, तिघांतही क्रोमियम १६ ते १८ टक्केच. कार्बन मात्र ए मध्ये ०.६० ते ०.७५, सी मध्ये ०.९५ ते १.२०. चाकूंच्या जगात मान सी ला, समुद्रात टिकतो ए. सोन्याची सुरी म्हणून उरात मारून घेऊ नये म्हणतात. खाऱ्या पाण्यापुरतं बोलायचं तर सोन्याची सुरी कधी गंजणार नाही, आणि कधी कापणारही नाही. प्रत्येक डायव्हिंगची सुरी सोनं आणि वस्तरा यांच्या मधे कुठेतरी उभी असते. ती कुठे आहे हे ओळखणं म्हणजेच निवड.

हे भांडण जुनं आहे. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ साली बंदुकीच्या नळीसाठी झीज न होणारं पोलाद शोधताना १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बनचं एक पोलाद ओतलं. त्याला त्यात काटे-सुऱ्यांचं भविष्य दिसलं. तिथल्या सुरीवाल्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, कारण ते नेहमीच्या पद्धतीनं घडवलं की धार धरेना. शंभराहून जास्त वर्षं उलटली, तरी डायव्हिंगच्या स्वस्त सुऱ्यांत आजही जे ४२० पोलाद असतं ते त्याचं सख्खं वंशज आहे. १२ ते १४ टक्के क्रोमियम, थोडा कार्बन.

गंजाला कोण किती तोंड देईल याचा एक ढोबळ हिशोब अभियंते करतात. क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. नायट्रोजनचा गुणक बघा! ४२० ला या हिशोबात साधारण १३ मिळतात. स्वयंपाकाच्या चांगल्या सुऱ्यांत वापरतात त्या १.४११६ क्रमांकाच्या जर्मन पोलादाला, ज्यात १५ टक्के क्रोमियम आणि अर्धा टक्का मॉलिब्डेनम असतं, साडेसोळाच्या आसपास. बोटींच्या रेलिंगला वापरतात त्या ३१६ ला साधारण २४. समुद्राच्या पाण्यात कायम बुडून राहणाऱ्या नळ्या-पंपांसाठी मात्र ४० च्या वरचा आकडा मागतात. म्हणजे सुरीच्या जगातलं कुठलंच नेहमीचं पोलाद समुद्राच्या परीक्षेत पास होत नाही. सगळे काठावरचे, आणि उरलेले मार्क तुम्ही घरी येऊन धुण्या-पुसण्यातून द्यायचे. शिवाय हा हिशोब पाणी दिलेल्या पोलादाला थोडा उदारच आहे, कारण कार्बननं अडकवलेलं क्रोमियमही तो मोजतो.

मग ३१६ चीच सुरी का करू नये? करतात. ३०४ ची आणि ३१६ ची पाती स्वस्त डायव्हिंग सुऱ्यांत सापडतात. पण हे पोलाद तापवून कठीण होत नाही, त्याला पाणी देताच येत नाही. धार लावली तर लागते, आणि दोन-चार दोर कापले की वाकते. तरी अशी सुरी मी सरसकट मोडीत काढणार नाही. जो वर्षातून चार वेळा पाण्यात उतरतो, सुरी कधी वापरत नाही आणि धुण्याचा कंटाळा करतो, त्याला बोथट न होता पडून राहणारी मऊ सुरी ही बोथट होत जाणाऱ्या कठीण सुरीपेक्षा बरी. तिला दातेरी कडा तेवढी हवी. मऊ धातूची सपाट धार लवकर जाते, पण दात्यांची टोकं दोराला धरून ओढतात आणि धार गेल्यावरही काम रेटतात.

खोक्यावरच्या शब्दांवर फार जाऊ नये. ‘सर्जिकल स्टील’ म्हणजे काहीही असू शकतं. नुसतं ‘४४०’ लिहिलंय, पुढे अक्षर नाही, तर ते कुठलं भावंड ते कळत नाही, आणि कधी कधी कुठलंच नसतं. ‘टायटॅनियम’ लिहिलेल्या सोनेरी पात्यावर बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो, आत पोलादच. पोलादाचा नेमका क्रमांक देणारा विक्रेता निदान काय विकतोय ते जाणतो. लोहचुंबक जवळ असू द्यावा: पाणी दिलेलं पोलाद त्याला कडकडून चिकटतं, ३०४, ३१६ आणि टायटॅनियम जवळजवळ दाद देत नाहीत. आणि पाणी कसं दिलंय हे तर कुठेच लिहिलेलं नसतं. कठीण केलेलं पातं पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. हे तापवणं १५० ते २०० अंशांत झालं तर क्रोमियम जागेवर राहतं, साडेचारशे ते सहाशे अंशांच्या पट्ट्यात झालं तर ते कणांत बांधलं जातं आणि गंजाशी लढायची ताकद ढासळते. एकाच पोलादाच्या दोन सुऱ्या, एक वर्षभर नितळ आणि दुसरी आठवड्यात डागाळलेली, याचं उत्तर पुष्कळदा भट्टीत असतं.

ही परीक्षा घरीच घेता येते. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, कागदी रुमाल त्यात भिजवून पात्याच्या अर्ध्या भागाला गुंडाळा, पिशवीत ठेवून तोंड सैल बांधा आणि २४ तास विसरा. पूर्ण बुडवण्यापेक्षा ही अर्धवट ओल जास्त कठोर असते, कारण ओल्या-कोरड्याच्या सीमेवरच गंज जोर धरतो. दुसऱ्या दिवशी पुसता येणारी फिकट तपकिरी झाक आली तर घाबरायचं कारण नाही. नखाला लागणारा खळगा पडला असेल तर ती सुरी समुद्राची नाही.

कमी पैशांत नेमकं काय घ्यावं, असं कुणी सरळ विचारलं तर मी दोन पोलादांची नावं घेईन. एक ते १.४११६. या पोलादाची प्लास्टिक मुठीची, दहा सेंटिमीटरच्या आतली साधी दातेरी सुरी दिसायला डायव्हिंगची वाटत नाही, पण पुष्कळ ‘डायव्हिंग’ सुऱ्यांपेक्षा ती गंजाला जास्त तोंड देते. तिला अंगाला घट्ट बसणारं म्यान तेवढं शोधावं लागतं. दुसरं १४सी२८एन. यात कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ आणि नायट्रोजन ०.११. कार्बनचं काही काम नायट्रोजन करतं आणि क्रोमियमला फारसं हात लावत नाही. धार टिकण्यात हे ४२० च्या पुष्कळ वर आहे आणि तरी त्याच्या सुऱ्या आवाक्यातल्या असतात. खिशात थोडं जास्त असेल तर मग खऱ्या अर्थानं खाऱ्या पाण्याची पोलादं सुरू होतात. जपानी एच-१ मध्ये कार्बन ०.१५ टक्क्यांच्या आत आहे, ते पाणी न देता लाटण्या-दाबण्यातून कठीण होतं आणि खरोखर गंजत नाही म्हणावं इतपत टिकतं. धार मात्र मध्यम. एलसी२००एन मध्ये ०.३ टक्के कार्बन आणि ०.४ टक्के नायट्रोजन. हे मूळचं विमानांच्या बेअरिंगचं पोलाद. धार आणि गंज यांत इतका चांगला समझोता कमी ठिकाणी सापडतो. त्याच्याही वर व्हॅनॅक्स, मॅग्नाकट वगैरे आहेत, पण परवडणाऱ्या सुरीची गोष्ट तिथं संपते. खोल पाण्यात निसटून जाऊ शकेल अशा वस्तूवर किती खर्च करायचा, हाही विचार हवाच.

टायटॅनियमबद्दल खूप बोललं जातं, म्हणून दोन शब्द. समुद्राच्या पाण्यात त्याला काही होत नाही, हे खरं. वजन पोलादाच्या साठ टक्क्यांहूनही कमी, होकायंत्राची सुईही हलत नाही. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा जो नेहमीचा मिश्रधातू असतो, तो मात्र काठिण्याच्या रॉकवेल मापात छत्तिशीच्या आसपास. चांगल्या पोलादी पात्याचा आकडा पन्नाशीच्या पुढे असतो. म्हणून टायटॅनियमची सुरी घ्यायची तर दातेरीच. आणि तिचे स्क्रू बघून घ्यावेत. टायटॅनियमच्या मोठ्या पात्याला हलक्या प्रतीच्या पोलादाचा छोटा स्क्रू लावला आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडले की त्यांची एक बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजायचं काम स्क्रूच्या वाट्याला येतं. न गंजणारं पातं आणि त्याच्यामुळेच अधिक वेगानं गंजणारा स्क्रू, अशी जोडी पुष्कळांच्या पिशव्यांत आहे.

पोलाद ठरलं तरी निम्मंच ठरतं. पात्याचा पृष्ठभाग जितका नितळ तितका चांगला. वाळूचा मारा करून राखाडी, खरखरीत केलेली पाती दिसायला मर्दानी, पण त्या लाखो खळग्यांत मीठ बसतं. काळ्या लेपाचं पातं चालेल, फक्त धार लावताना लेप उडतो, त्यामुळे जिथं संरक्षण हवं नेमकी तीच जागा उघडी असते हे ध्यानात ठेवावं. मूठ उघडता येणारी हवी. मुठीच्या टोकाला एक नट आणि तो काढला की पातं बाहेर, ही जुनी रचना फार शहाणपणाची आहे, कारण सगळ्यात वाईट गंज मुठीच्या आत, पात्याच्या शेपटीला चढतो आणि तुटेपर्यंत कळत नाही. मुठीचा रंग भडक पिवळा किंवा चमकता नारिंगी घ्यावा. साधा लाल पाच-दहा मीटरवरच मळकट करडा दिसायला लागतो आणि तळाशी पडलेली सुरी दगडांत दगड होते. पातं सात ते दहा सेंटिमीटर पुरे. सिनेमात दिसते तशी हातभर सुरी पाण्याखाली फक्त अडकते.

टोक बोथट असावं. टोकदार सुरी जॅकेटच्या हवेच्या फुग्याला किंवा स्वतःच्या मांडीलाच आधी लागण्याची शक्यता जास्त. सपाट, छिन्नीसारख्या टोकानं एखादी गोष्ट उचकटता येते, टाकीवर ठोकून सोबत्याचं लक्ष वेधता येतं. एका कडेला सपाट धार, दुसरीला दाते आणि बुडाशी एक लहान आकडेदार खाच, असं पातं सर्वात उपयोगी. कारण कापायच्या वस्तू तीन जातीच्या असतात. जाड दोर दात्यांनी कापतो. तंगूस ढिलं असेल तर कुठल्याही धारेवरून निसटतं, ते खाचेत ओढून घेतलं तरच तुटतं. आणि हल्लीची विणलेली, गुळगुळीत, भयंकर चिवट मासेमारीची दोरी चांगल्या चांगल्या सुऱ्यांना वाकुल्या दाखवते. तिच्यासाठी अपघातात कपडे कापायला वापरतात ती बोथट टोकाची जाड कात्री उत्तम. गळापाशी असते ती पातळ तारही तिनं तुटते. ही कात्री स्वस्त असते आणि तिचा रिव्हेट हमखास गंजतो. तिथं सिलिकॉन ग्रीस भरून ठेवावं, आणि सांधा अडखळायला लागला की फार जीव न लावता नवी घ्यावी. शेवटी स्वस्तात सुरक्षित राहायचं तर एक महागडी सुरी घेण्यापेक्षा एक साधी सुरी आणि एक साधी कात्री, दोन वेगळ्या जागी, दोन्ही हातांना पोचतील अशा, हे कधीही चांगलं.

जागेवरून डायव्हर लोकांत वाद चालतात. पिंडरीच्या बाहेरच्या अंगाला बांधलेली सुरी दोऱ्या पकडत फिरते, आतल्या अंगाला बांधली तर कमी. पण खोल गेल्यावर निओप्रीनचा पोशाख दाबला जाऊन पातळ होतो, पट्टा सैल पडतो आणि म्यान घोट्याशी येतं. त्यामुळे पट्टा ताणणारा हवा, किंवा सुरी सरळ कमरेच्या पट्ट्यावर, नाहीतर छातीशी असावी. म्यानाची कळ जाड हातमोजे घालून, न बघता, एका हातानं उघडून बघावी. विकत घेतानाच, आणि दोन्ही हातांनी. शिवाय सुरी म्यानात घालून उलटी धरावी आणि जोरात झटकावी. गंजून गेलेल्या सुऱ्यांपेक्षा पाण्यात पडून गेलेल्या सुऱ्या जास्त असतील, असा माझा संशय आहे. आणि काही संरक्षित सागरी क्षेत्रांत सुरी न्यायला बंदी असते, विमानात ती फक्त सामानकक्षात जाते, हे निघण्याआधीच बघितलेलं बरं.

कापताना अंगापासून बाहेरच्या दिशेनं, आणि धार श्वासाच्या नळीच्या उलट बाजूला ठेवून. दोरी एका हातानं ताणून धरायची, ताणलेली दोरी अर्ध्या कष्टात तुटते.

राहिली निगा, आणि तीच कुणी करत नाही. नळाखाली धरून झटकणं ही निगा नव्हे. गोड पाण्यात, शक्य तर कोमट, सुरी आणि म्यान वेगवेगळं करून १५-२० मिनिटं बुडवून ठेवायचं. म्यानाची कळ पाण्यातच दहा-बारा वेळा दाबायची, म्हणजे स्प्रिंगमधलं मीठ निघतं. जुना दातांचा ब्रश आणि साबणाचा एक थेंब घेऊन मुठीचा सांधा, खाच आणि दात्यांच्या बेचक्या घासायच्या. बोटीवरच्या सामाईक टबावर विसंबू नये. सकाळी त्यात गोडं पाणी असतं, संध्याकाळपर्यंत पन्नास जणांनी सामान बुडवलं की तो छोटा समुद्रच होतो. मग पुसून, सावलीत पूर्ण वाळवून, खनिज तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पात्याला लावायचे. मासे कापायची सुरी असेल तर खाण्यायोग्य प्रतीचं खनिज तेल. स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. रबरी पट्ट्यांजवळ पेट्रोलियमचं ग्रीस नको, रबर फुगतं आणि चिरतं, तिथं सिलिकॉन. आणि सुरी म्यानात ठेवायची नाही. म्यान पुढच्या डुबकीच्या सकाळी. चामड्याचं म्यान तर समुद्राच्या वाटेलाच जाऊ नये, ते मीठ आणि ओल दोन्ही महिनोन्महिने जपून ठेवतं.

गंज आलाच, तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप आणि प्लास्टिकची घासणी. हट्टी डागांना ऑक्झॅलिक आम्ल असलेली भांडी चमकवायची पूड, मिनिटभर, मग भरपूर पाणी. लोखंडी तारेचा काथ्या मात्र हातात धरू नये: त्याचे सूक्ष्म कण पात्यात रुततात आणि तेच पुढच्या गंजाचं बी होतात. ब्लीचचा तर विचारही नको, त्यात पुन्हा क्लोरीनच.

त्या सुरीची अक्षरं सोड्यानं निघाली. म्हणजे गंज निघाला. अक्षरंही थोडी निघालीच. शब्द आता पुसट, तिरका धरला तरच वाचता येईल असा. दात्यांवर शंकूच्या आकाराची सिरॅमिक कांडी प्रत्येकी चार-पाच वेळा फिरली, सपाट कडा बारीक दगडावर एका बाजूला साधारण वीस अंशांत, आणि पलीकडे उमटलेली बर हलक्या हातानं काढून टाकली. ताणलेलं तंगूस पुन्हा नुसत्या स्पर्शानं तुटलं. पातं तेल लावून फळीवर वेगळं ठेवलं. म्यान कोमट पाण्यात वीस मिनिटं, मग जुन्या वर्तमानपत्रावर तोंड खाली करून उभं. सकाळी ते उचललं तर खाली कागदावर त्याच्या तोंडाच्या आकाराची पांढरी, खरखरीत कड उमटलेली होती. म्यान पुन्हा पाण्यात गेलं.